कार्नेगींचं बेट लोकांचं कसं झालं

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला, फ्लोरिडाची हद्द लागण्याच्या जरा अलीकडे, कंबरलंड नावाचं एक लांबट बेट आहे. लांबी सुमारे २८ किलोमीटर. पूर्वेला अटलांटिक महासागर आणि त्याच्या कडेने अखंड पुळण, पश्चिमेला मुख्य भूमीच्या बाजूने खाजण, आणि मधल्या पट्ट्यात ओकचं दाट रान. एकूण क्षेत्र ३६,४१५ एकर, पण त्यातला जवळजवळ निम्मा भाग खाजण, चिखल आणि भरतीच्या पाण्याच्या खाड्यांचा. बेटावर जायला पूल नाही. सेंट मेरीज या छोट्या गावातून फेरीबोट सुटते, पाऊण तासात पोहोचवते. १९८० च्या दशकात दिवसाला ३०० माणसांची मर्यादा ठरली आणि पुढची कित्येक दशकं ती चालत आली. वर दुकान नाही. खाणंपिणं बरोबर न्यायचं आणि कचरा परत आणायचा.

शंभर वर्षांपूर्वी हे बेट जवळजवळ सगळं एकाच कुटुंबाचं होतं. आज ते राष्ट्रीय सागरकिनारा म्हणून अमेरिकी जनतेच्या मालकीचं आहे. माहितीपत्रकात हे एका वाक्यात उरकलेलं असतं, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं की कोणी उदार मालकाने एके दिवशी किल्ल्या सरकारच्या हातात ठेवल्या असतील. तसं झालेलं नाही. एक मृत्युपत्र, एक वाटणी, एका विकासकाची खरेदी, एका प्रतिष्ठानचे पैसे, संसदेचा एक कायदा आणि वेगवेगळ्या अटींची कितीतरी खरेदीखतं, इतक्या टप्प्यांतून ही जमीन गेली. प्रत्येक टप्प्यावर ज्याच्या हातात कागद होता त्याने आपल्यापुरतं काही राखून ठेवलं, आणि आज तिथे जाणाऱ्याला जे मिळतं ते या राखून ठेवण्यातून उरलेलं आहे. म्हणून ते टप्पे एकेक करून पाहायला हवेत.

जुना इतिहास थोडक्यात सांगतो. मूळ रहिवासी तिमुकुआ लोक. सोळाव्या शतकात स्पॅनिश मिशनरी आले, १७३० च्या दशकात इंग्रजांनी दोन किल्ले बांधले. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातला सेनापती नथानिएल ग्रीन याने युद्धानंतर इथली बरीच जमीन मिळवली, पण १७८६ मध्ये तो वारला. त्याच्या विधवेने, कॅथरीनने, १८०३ च्या सुमारास बेटाच्या दक्षिण भागात डंजनेस नावाचा चार मजली वाडा उभा केला. बांधकाम होतं टॅबीचं. कालवांची शिंपलं जाळून चुना करायचा, त्यात वाळू, पाणी आणि आणखी अख्खी शिंपलं मिसळायची आणि लाकडी साच्यात थर देत भिंत चढवायची. या किनाऱ्यावर दगड मिळत नाही. शिंपल्यांचे मात्र मूळ रहिवाशांनी शतकानुशतकं टाकलेले ढीगच्या ढीग होते. ग्रीन कुटुंबाच्या काळातलं एक लहानसं टॅबी घर अजून उभं आहे. त्याच्या भिंतीचा गिलावा जिथे झडला आहे तिथे शिंपलं उघडी पडलेली दिसतात, आडवीतिडवी, काही पूर्ण शाबूत.

या सगळ्या बांधकामाला आणि शेतीला लागणारे हात गुलामांचे होते, हे इथेच सांगायला हवं, कारण पुढच्या मालकीच्या गोष्टीत ही माणसं फार क्वचित दिसतात. ग्रीन कुटुंबानंतर रॉबर्ट स्टॅफर्ड या मळेवाल्याने बेटाचा मोठा भाग ताब्यात घेतला. समुद्रकाठचा लांब धाग्याचा कापूस तो पिकवत असे आणि त्याच्याकडे तीनशेहून अधिक गुलाम होते. त्यांच्या झोपड्या गेल्या. चुलींची धुराडी मात्र रांगेने अजून उभी आहेत.

यादवी युद्ध संपत आलं असताना, जानेवारी १८६५ मध्ये, जनरल शर्मन याने एक हुकूम काढला. चार्ल्सटनपासून दक्षिणेकडची समुद्रकाठची बेटं मुक्त झालेल्या काळ्या कुटुंबांसाठी राखून ठेवायची आणि प्रत्येक कुटुंबाला ४० एकरांपर्यंत जमीन द्यायची. कंबरलंड त्या पट्ट्यात येत होतं. त्याच वर्षी लिंकन यांची हत्या झाली, अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाले आणि वर्ष संपायच्या आत जमिनी जुन्या मालकांना परत देण्याचा निर्णय झाला. बेट सामान्य माणसांच्या हातात जाण्याची ती पहिली संधी होती. ती काही महिन्यांत संपली.

कार्नेगी आले ते यानंतर. थॉमस कार्नेगी हा पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांचा धाकटा भाऊ आणि धंद्यातला भागीदार. जुना डंजनेस १८६६ मध्ये जळून गेला होता. त्याचे अवशेष आणि भोवतीची सुमारे चार हजार एकर जमीन थॉमस आणि त्याची पत्नी लूसी यांनी १८८१ मध्ये ३५ हजार डॉलरना घेतली. जुन्या पायाच्या जागेवर नवा, कितीतरी मोठा डंजनेस बांधला. बांधकाम पुरतं होतं न होतं तोच १८८६ मध्ये थॉमस वारला. पदरात नऊ मुलं असलेली लूसी खचली नाही. एकेक तुकडा विकत घेत तिने बेटाचा सुमारे नव्वद टक्के भाग आपल्या नावावर केला. उत्तर टोक तेवढं राहिलं. तिथे एक हॉटेल होतं आणि पुढे ती जमीन कोका-कोलामुळे श्रीमंत झालेल्या कॅन्डलर कुटुंबाकडे गेली.

मुलं मोठी होऊन लग्नं झाली तशी लूसीने त्यांना बेटावरच घरं बांधून दिली: प्लम ऑर्चर्ड, ग्रेफील्ड, स्टॅफर्ड हाउस. प्लम ऑर्चर्डमध्ये घराच्या आत पोहण्याचा तलाव आहे आणि स्क्वॉशचं कोर्टही. हे सगळं चालवायला दोनशेच्या आसपास नोकरमाणसं लागत. शेती, गोठा, तबेले, सुतारशाळा, बर्फ करण्याची सोय, सगळं इस्टेटीतच.

आता खरा मुद्दा. १९१६ मध्ये लूसी वारली तेव्हा तिने मागे ठेवलेलं मृत्युपत्र हा या कथेतला सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे. तिने बेट मुलांना वाटून दिलं नाही. ते एका ट्रस्टमध्ये ठेवलं आणि अट घातली की तिच्या मुलांपैकी एक जरी हयात असेल तोवर बेट विकायचं नाही. देखभालीच्या खर्चासाठी पिट्सबर्गमधल्या एका इमारतीचं उत्पन्न लावून दिलं.

‘कधीच विकू नये’ असं तिला का लिहिता आलं नाही? कारण इंग्रजी परंपरेच्या कायद्यात मेलेल्या माणसाने जमीन कायमची बांधून ठेवू नये असा जुना नियम आहे. मृत्युपत्र लागू होताना जी माणसं जिवंत आहेत त्यांच्या आयुष्यापर्यंत आणि वर एकवीस वर्षं, यापलीकडे खाजगी वारसाहक्क लटकवून ठेवता येत नाही. लूसीने मुलांच्या हयातीचं माप लावलं, ते या चौकटीत चपखल बसणारं होतं. तिचं सर्वांत दीर्घायुषी अपत्य, मुलगी फ्लॉरेन्स, १९६२ मध्ये वारली. म्हणजे मृत्युपत्राने बेट ४६ वर्षं एकसंध ठेवलं. याच काळात फ्लोरिडाच्या आणि जॉर्जियाच्या इतर किनाऱ्यांवर पूल झाले, हॉटेलं झाली, भूखंड पाडले गेले. कंबरलंडला यातलं काही शिवलं नाही. लूसीच्या मनात निसर्गरक्षण होतं असं म्हणायला आधार नाही. कुटुंब एकत्र राहावं एवढाच तिचा हेतू दिसतो. पण किनारा वाचला तो या हेतूमुळे.

एकत्र ठेवण्याची किंमतही पडली. ट्रस्टचं उत्पन्न कमी होत गेलं आणि वारस वाढत गेले. मुलांची नातवंडं झाली, नातवंडांची पतवंडं. कोणी बेटावर राहून गुरं पाळत होतं, कोणी उत्तरेतल्या शहरात राहून वर्षातून एकदा येत होतं, कोणाला फक्त आपल्या वाट्याच्या पैशाशी मतलब होता. सामाईक जमिनीचं हे दुखणं कोकणातल्या वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको. डंजनेसमध्ये १९२० च्या दशकानंतर कोणी कायमचं राहिलं नाही आणि १९५९ मध्ये तो जळाला. आग मुद्दाम लावली असावी असा संशय तेव्हापासून आहे. विटांच्या भिंती आणि धुराडी उरली, ती आजही पाहता येतात.

त्याआधी, १९५० च्या दशकात, आणखी एक संकट येऊन गेलं होतं. बेटाच्या वाळूत इल्मेनाइट या काळ्या खनिजाचे कण आहेत. त्यातून टायटॅनियम मिळतं आणि टायटॅनियमपासून पांढऱ्या रंगाचं द्रव्य. रंग बनवणाऱ्या एका कंपनीला खाणकामाचा पट्टा देण्याची बोलणी झाली. ट्रस्टला पैशांची गरज होती, काही वारस तयार होते, काही कडाडून विरोधात होते आणि प्रकरण कोर्टात गेलं. खाण शेवटी झाली नाही. झाली असती तर वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्या मागचं रान खणून, चाळून परत टाकलं गेलं असतं. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की तेव्हा बेटाला वाचवणारा कुठलाही सार्वजनिक कायदा लागू नव्हता. वारसांमधली भाऊबंदकीच तेवढी आड आली. जवळपास त्याच सुमाराला राष्ट्रीय उद्यान सेवेने अटलांटिक आणि मेक्सिको आखाताच्या किनाऱ्यांची पाहणी केली आणि जपण्याजोग्या जागांच्या यादीत कंबरलंडला अगदी वरचं स्थान दिलं. पण यादीत नाव येणं वेगळं आणि जमीन हाती येणं वेगळं.

१९६२ नंतर ट्रस्ट संपला आणि वाटणीचं काम सुरू झालं. ते काही वर्षं चाललं. कुटुंबाच्या पाच शाखा होत्या. बेटाची उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची जमीन सारखी मोलाची नव्हती, म्हणून प्रत्येक शाखेला दोन पट्टे देण्यात आले, एक उत्तरेत, एक दक्षिणेत. पट्टे आडवे पाडले, म्हणजे प्रत्येकाला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाजण. न्याय्य वाटणी होती. पण तिचा दुसरा अर्थ असा की आता पाचपैकी कोणाही एका शाखेने आपला पट्टा विकला तर बेटाच्या मधोमध परका मालक येऊन बसणार, त्याला वाट द्यावी लागणार, वीज आणावी लागणार आणि शेजारच्या पट्ट्यांचा कर चढणार. प्रत्येकाचं भवितव्य चुलत भावंडांच्या संयमावर अवलंबून राहिलं.

संयम फार काळ टिकला नाही. १९६८ मध्ये एका शाखेतल्या वारसांनी सुमारे तीन हजार एकर जमीन चार्ल्स फ्रेझर या विकासकाला विकली. फ्रेझर साधासुधा बिल्डर नव्हता. साउथ कॅरोलिनातल्या हिल्टन हेड बेटावर त्याने सी पाइन्स नावाची वसाहत उभी केली होती. झाडांच्या आड लपलेली घरं, समुद्रापासून मागे सरकवलेलं बांधकाम, जाहिरातीच्या फलकांना बंदी, यासाठी त्याचं नाव झालं होतं. कंबरलंडवर तसंच काही करायचं त्याच्या मनात होतं आणि विमानाच्या धावपट्टीसाठी त्याने रान साफ करायला सुरुवातही केली. जॉन मॅकफी या लेखकाच्या १९७१ च्या ‘एन्काउंटर्स विथ द आर्कड्रुइड’ या पुस्तकाचा एक भाग फ्रेझर आणि पर्यावरणवादी नेते डेव्हिड ब्राउअर यांच्या याच बेटावरच्या भटकंतीचा आहे. फ्रेझरची बाजू त्यात नीट मांडलेली आहे: लोकांना समुद्र हवा असतो, मग तो नियोजन करून का देऊ नये?

उरलेल्या वारसांना हे पटलं नाही. जमीन सरकारला जावी असं ज्यांना कधी वाटलं नव्हतं तेही आता उद्यान सेवेच्या दाराशी गेले, कारण वसाहतीपेक्षा उद्यान परवडलं. कार्नेगींच्या नातवंडांपैकी अनेकांनी बेट जनतेला दिलं हे खरं आहे, त्यात प्रेमही होतं. पण फ्रेझरची धावपट्टी नसती तर हे इतक्या झटपट झालं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथे एक अडचण होती. संसदेने कायदा करून अधिकार आणि पैसा दिल्याशिवाय उद्यान सेवेला जमीन घेता येत नाही. कायद्याला वर्षं लागतात आणि तोवर विकासक थांबत नाही. या फटीत उपयोगी पडली ती राष्ट्रीय उद्यान प्रतिष्ठान ही संस्था. ती सरकारच्या सोबतीने काम करते, पण खरेदी-विक्री खाजगी संस्थेसारखी करू शकते. अँड्र्यू मेलन प्रतिष्ठानने तिला मोठी देणगी दिली आणि त्या पैशातून तिने १९७० मध्ये फ्रेझरची जमीन विकत घेतली. पाठोपाठ कार्नेगी वारसांशी सौदे झाले. प्लम ऑर्चर्ड १९७१ मध्ये दान म्हणून मिळालं. म्हणजे कायदा होण्याआधीच बेटाचा मोठा भाग एका मध्यस्थाच्या हाती सुरक्षित होता. २३ ऑक्टोबर १९७२ रोजी अध्यक्ष निक्सन यांच्या सहीने कंबरलंड बेट राष्ट्रीय सागरकिनारा झालं. बेट मुख्य भूमीला जोडणारा कोणताही रस्ता वा पूल बांधायचा नाही, हे त्या कायद्यातच लिहिलं आहे. ते कलम नसतं तर पुढच्या पन्नास वर्षांत पुलाचा प्रस्ताव किती वेळा आला असता याची कल्पना कोणीही करू शकतो.

आता सौद्यांच्या आत काय होतं ते जवळून पाहू. जमीन सरकारची झाली तरी मालकाला लगेच घर सोडावं लागेलच असं नाही, ही पद्धत १९६१ च्या केप कॉड कायद्यापासून रूढ झालेली होती. मॅसॅच्युसेट्सच्या त्या किनाऱ्यावर आधीच गावं वसलेली होती. सगळ्यांना उठवून उद्यान करणं अशक्य होतं. कंबरलंडलाही तोच मार्ग वापरला. मालक जमीन सरकारला देतो, पण वहिवाटीचा हक्क राखून ठेवतो, ठरावीक वर्षांसाठी किंवा स्वतःच्या आणि जोडीदाराच्या हयातीपर्यंत. किंमत कशी ठरते? समजा, घर आणि जमिनीचं मूल्यांकन १०० आलं. मालकाने राखलेल्या वहिवाटीची किंमत ३० धरली. ती वजा होऊन त्याला ७० मिळतात. हयातीचा हक्क असेल तर वयाचा हिशेब होतो: तरुण मालकाला कमी पैसे, वृद्धाला जास्त, कारण वृद्धाचा हक्क लवकर संपण्याची शक्यता.

कायद्याने पंचवीस वर्षांची किंवा हयातीची मर्यादा घातली होती. पण प्रतिष्ठानने कायद्याआधी केलेल्या सौद्यांना ती लागू नव्हती. काही कार्नेगी वारसांनी स्वतःच्या मुलांच्या हयातीपर्यंत हक्क राखून ठेवले. १९७० मध्ये जे मूल पाळण्यात होतं ते आज पन्नाशी ओलांडलेलं आहे आणि त्याचा हक्क चालू आहे. जमीन सरकारची, सातबारा सरकारचा, पण घराच्या अंगणात लोकांना मज्जाव आणि बेटावरच्या मुख्य रस्त्यावर गाडी चालवण्याचा अधिकार त्या कुटुंबाकडे. यात फसवणूक नाही. याच अटीवर जमीन मिळाली. उलट अशा अटी मान्य केल्या नसत्या तर सरकारपुढे सक्तीच्या संपादनाचा मार्ग उरला असता, आणि तो कोर्टकज्जांचा, महागडा आणि कडवट.

ग्रेफील्डची गोष्ट वेगळी. लूसीची नात लूसी फर्ग्युसन हिने १९६२ मध्ये तिथे अतिथिगृह सुरू केलं आणि ते विकायला ठाम नकार दिला. ते आजही कुटुंबाकडे आहे. तिथे उतरणारे पाहुणे कुटुंबाच्या स्वतंत्र बोटीने येतात.

वाटाघाटीच्या टेबलाभोवती कार्नेगी होते, कॅन्डलर होते, फ्रेझर होता. ज्यांच्या श्रमांवर आधी मळे आणि मग इस्टेट चालली त्यांचं काय? १८९० च्या दशकात बेटाच्या उत्तर भागात मुक्त गुलामांच्या वंशजांनी छोटे छोटे भूखंड विकत घेऊन ‘सेटलमेंट’ नावाची वस्ती केली. जवळच्या हॉटेलात आणि इस्टेटीत ते काम करत. १८९३ मध्ये त्यांनी चर्च स्थापन केलं. आजची इमारत १९३० च्या दशकातली आहे: पांढऱ्या रंगाची, एका खोलीची, मोजके बाक, लाकडी क्रूस. हॉटेलचा धंदा बसला तशी माणसं पोटासाठी मुख्य भूमीवर गेली. सप्टेंबर १९९६ मध्ये जॉन केनेडी (धाकटे) यांचं लग्न या चर्चमध्ये झालं, म्हणून आज बहुतेक पर्यटक ते शोधत येतात. चर्च पाहायला जावंच, पण ते कोणी आणि कशासाठी बांधलं ते आधी वाचून जावं. १८६५ चा हुकूम टिकला असता तर १९७० मध्ये त्या टेबलाभोवती या माणसांची नातवंडंही हिस्सेदार म्हणून बसली असती.

सार्वजनिक झाल्यावरही भांडणं संपली नाहीत, फक्त पक्ष बदलले. १९८२ मध्ये संसदेने बेटाच्या उत्तर भागातली ८,८४० एकर जमीन ‘अभयरान’ म्हणून घोषित केली आणि आणखी बरीच जमीन पुढे त्यात येईल अशी तरतूद केली. १९६४ च्या कायद्यानुसार अभयरानात मोटार नाही, यंत्र नाही. पण याच रानातून जुना मुख्य रस्ता जातो आणि राखीव हक्कवाले त्यावरून गाड्या नेतात. शिवाय १९६६ चा दुसरा कायदा सांगतो की ऐतिहासिक वास्तू सांभाळा. प्लम ऑर्चर्डची डागडुजी करायची तर सामान न्यायला ट्रक हवा. उद्यान सेवेने आपल्या फेऱ्यांमध्ये पर्यटकांनाही गाडीत घ्यायला सुरुवात केली. पर्यावरणवाद्यांनी दावा लावला आणि २००४ मध्ये अपील न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. त्याच वर्षअखेरीस संसदेने रस्ताच अभयरानातून वगळला आणि पर्यटकांसाठी गाडीची सहल सुरू करण्याचा आदेश दिला. २८ किलोमीटरच्या बेटावर बोटीने दिवसभरासाठी आलेला वृद्ध माणूस उत्तर टोकाचं चर्च चालत जाऊन पाहू शकत नाही, हे खरं आहे. रानातून रोज मोटारी जाऊ लागल्या की ते रान राहत नाही, हेही खरं आहे. माझं मन पायी चालणाऱ्यांच्या बाजूने आहे, पण गाडी मागणाऱ्यांना चूक म्हणणं मला जमत नाही.

घोड्यांचा वादही असाच. इस्टेटीच्या तबेल्यांतून सुटलेल्या आणि सोडलेल्या घोड्यांची संतती, दीडशेच्या आसपास, आज बेटभर मोकाट फिरते. पर्यटकांना ती आवडते. टेकड्या धरून ठेवणारं आणि खाजणातलं गवत ती खाते. त्यांची कोणी निगा राखत नाही, त्यामुळे ती फार जगतही नाहीत. कासवांच्या घरट्यांची मात्र उत्तम राखण होते. लॉगरहेड जातीची कासवं उन्हाळ्यात या पुळणीवर अंडी घालतात आणि दिव्यांचा उजेड नसलेला इतका लांब किनारा त्यांना या भागात दुसरीकडे क्वचितच मिळतो.

पुळणीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. भरतीच्या रेषेच्या खालची ओली वाळू जॉर्जियात कधीच खाजगी नसते. ती राज्याची असते, हे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कार्नेगींच्या वैभवाच्या काळातही होडीने येऊन त्या ओल्या पट्ट्यावर उभं राहायला कोणाची परवानगी लागत नव्हती. पण त्या पट्ट्यापर्यंत पोहोचायचं कसं, भरती आली की जायचं कुठे, प्यायचं पाणी कुठलं? किनारा लोकांचा असला तरी त्याच्या मागची जमीन लोकांची नसेल तर तो हक्क कागदावर राहतो. मागची जमीन मिळवण्यासाठी हा सगळा खटाटोप होता.

आज बेटावर सुमारे हजार एकर जमीन अजून खाजगी आहे. ती घ्यायची तर मालकाची इच्छा, मूल्यांकन आणि निधी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. निधी येतो तो १९६४ च्या जमीन व जल संवर्धन निधीतून, ज्यात मुख्यतः समुद्रातल्या तेल-वायूच्या उत्खननाचं स्वामित्वधन जमा होतं. वर्षाला ९० कोटी डॉलरची तरतूद कागदावर होती, पण संसद ती अनेकदा दुसरीकडे वळवत असे. २०२० च्या कायद्याने ती कायम झाली. तोवर वाट पाहून थकलेल्या मालकांना दुसरे मार्ग सुचतात. २०१६ मध्ये काउंटीच्या नियोजन मंडळाने बेटावरच्या ८७ एकरांच्या एका खाजगी तुकड्याचे दहा भूखंड पाडायला सवलत दिली, तेव्हा मोठा गदारोळ झाला. उद्यानाची सीमा आखलेली असली तरी आतल्या खाजगी जमिनीवर बांधकामाचे नियम काउंटीचेच चालतात, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं.

त्याच काउंटीने मुख्य भूमीवर अंतराळ-तळ उभारायचं ठरवलं होतं. तिथून सुटणारी रॉकेटं कंबरलंडवरून जाणार होती. केंद्राचा परवाना डिसेंबर २०२१ मध्ये मिळाला. त्यावर काउंटीतल्या नागरिकांनी सह्या गोळा करून जागेच्या खरेदीवर सार्वमत मागितलं आणि मार्च २०२२ मध्ये सुमारे ७२ टक्के मतदारांनी ती खरेदी नाकारली. काउंटीने मतदानालाच आव्हान दिलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मतदान वैध ठरवलं.